भावी चेअरमनची घागर

न्हाई पण मला सांगा, पैज लावली माझा दोस्त मुंजाजीनं, आन बोलणी कावून मलाच? त्यो म्हणला, 'शहाद्या, सोसायटीच्या दुधाच्या काट्यावर तुझं नाव झळकवून दाखव, मग मानलं.' आता आमच्या दिंद्रुडात पानटपरी उघडली तरी बोर्डावर पुढाऱ्यांची नावं अस्तेत, मग माझंच कावून नसावं? आमच्या सोसायटीचा कम्प्युटरवाला रहीमभाई जेवाया गेलता. काट्याच्या पोटातली सिस्टीम त्यानंच लिहिलेली, पार तळातली, जिथं एकेक आकडा मेमरीतल्या आपापल्या खोलीत बसतो. बघून बघून मला बी आलतं थोडंफार. वजनाच्या आकड्याच्या आधीच घुसडलं, 'भावी चेअरमन शहादेव', दिलं काट्यात भरून... आन पळालो.

सकाळी भामाकाकूनं किटली ठेवली आन काटा बंद. चालू केला, किटली ठेवली, पुन्हा बंद. वजन न्हाई, माझं नाव बी न्हाई.

तुमाला सांगतो, ह्या दुष्काळात चारा छावणीतलं उसाचं वाळकं वाढं खाऊन म्हशीनं कसंबसं दिलेलं दूध, ऊन असं की चुलीची गरज न्हाई, रांग पार मारुतीपस्तोर. काकू म्हणती, 'रहीम, नासाया लागलं रे लेकरा.' रहीमभाई घामाघूम, 'देखतो ना काकू.' तेवढ्यात चेअरमन अर्जुनराव, आवाज रिकाम्या टँकरवानी, 'ह्याला काढा, दुसरा बघा कुणीतरी.' आन म्या? काकूची किटली सावलीत सरकवत बसलो.

मग घावलं रहीमभाईला. सगळ्यांदेखत मलाच इचारतो, 'शहाद्या, टँकरवाला पानी कसं देतो बे?' म्हणलं, चार-चार ड्रमाचा गट, नळी गटाच्या तोंडालाच लावतो. 'हां. ही चिप बी तशीच. वजनाला चार खोल्या, त्या गटाच्या तोंडापासूनच पायजेत. कुणीतरी मधीच आपली घागर घुसवली, सगळे ड्रम सरकले, वजन आधं ह्या गटात, आधं त्या. चिप म्हणती, म्या न्हाई उचलत. झोपली.'

आता नाव त्याच्या डोळ्यापुढं होतं की हो, पण घेईना. अर्जुनराव त्याला 'चल, निघ' म्हणाया लागले, तरी घेईना. असं वागतेत का माणसं?

'घागर माझी हाय,' म्हणलं.

रहीमभाईनं काट्यातनं नाव काढलं बी न्हाई. नावामागं रिकाम्या खोल्या जोडल्या, वजन नेऊन पुढच्या गटाच्या तोंडाला बसवलं. काकूनं किटली ठेवली आन काटा झळकला... भावी चेअरमन शहादेव. अर्जुनरावांनी दोनदा वाचलं. म्हणले, 'भावी का? मग आत्तापासूनच लागा कामाला.'

तवापासून सोसायटीच्या समद्या किटल्या म्याच धुतो. पाणी टँकरचं, रांग लावून. आन मधी घागर घुसवायची म्हणलं, तर आख्खं गाव माझ्याकडंच बघतं.