आमच्या ह्यांच्या गाड्यांचा ताफा

मी मूळची कामनची. आता कामन म्हटलं की तुम्हाला गोदामं दिसतात, भिवंडीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पत्र्याचे मोठमोठे शेड, पन माझ्या लहानपनी तिथं सगळी भातशेती होती, आमची पन होती, बाबा लावनीला सगळ्यांच्या पुढं असायचे आनि आई म्हनायची, हा मानूस चिखलात सुद्धा पळतो. नाव माझं हेमलता. लग्न झालं नि मी विरारला आले, मनवेलपाड्यात चाळीत, ती आजपर्यंत ह्याच खोलीत हाय.

आमचे हे राजापूरकडचे, ड्रायव्हर. अंधेरीला एका साहेबांची गाडी चालवायचे. काय सांगू तुम्हाला ताई, मला बघायला आले ते साहेबांची पांढरी अँबॅसॅडर घेऊन, साहेबांनी एका दिवसापुरती दिली होती, नि ती गाडी आमच्या दारात लागली तशी अख्खी आळी गोळा झाली, पोरं काचांना नाक लावून उभी. बाबांनी विचारलं, पाव्हनं, गाडी तुमची का? दुसरा असता तर नुसता हसला असता. हे म्हनाले, नाय, साहेबांची हाय, मी पुसतो नि चालवतो. बाबा आत येऊन आईला म्हनाले, पोरगी द्यायला हरकत नाय. एवढ्यावर झालं माझं लग्न.

पन त्या गाडीत मी काय बसले नाय. त्या नाय, पुढच्या कुठल्याच नाय. साहेबांच्या गाडीत घरच्या मानसानं बसायचं नाय, हा ह्यांचा नेम. साहेब म्हनायचे, अरे बायकोला फिरवून आन एकदा, तरी नाय. साहेबांनी किती गाड्या बदलल्या, मला सगळ्यांची नावं ठाऊक, कारन जेवायला बसले की ह्यांचं तेच. कंच्या गाडीचा गिअर लोन्यासारखा पडतो, कंची घाटात धापा टाकते, कंची नुसती दिसायला. मी भाकरी थापता थापता हूं हूं करायची. बोलायला आवडायचं हो त्यांना. गनपतीत चाळीत नकला करायचे, बाया पदर तोंडावर घेऊन हसायच्या.

आनि एक दिवस सकाळी चहा पिता पिता कप सुटला हातातून. मी म्हटलं, अहो लक्ष कुठं हाय तुमचं, आनि वर बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे माझ्याकडं लागलेले. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातलं, इस्पितळात नेलं. जीव वाचला, देवाची कृपा. पन उजवं अंग गेलं आनि बोलनं गेलं.

म्हंजे कळत सगळं होतं हो. डॉक्टर म्हनाले, डोक्यात शब्द हायत त्यांच्या, बाहेर यायची वाट बुजलीय. तोंडातून नुसतं ता, ता, ता. भूक लागली तरी ता, पाठ खाजवायची तरी ता. कुनी भेटायला आलं की डोक्यावरून चादर घ्यायचे. साहेब येऊन गेले, भला मानूस, पायथ्याशी बसून राहिला बिचारा, ह्यांनी चादर नाय काढली. एकदा मी समोर ताट ठेवलं, त्यांना काय तरी पायजे होतं, मी मीठ आनलं, लिंबू आनलं, नाय, पानी आनलं, नाय, तर डाव्या हातानं ताट असं भिरकावलं की भात पार उंबऱ्यापर्यंत गेला. मी खाली बसून शितं गोळा करत होते नि वर हे रडत होते. काय पायजे होतं ते मला अजून माहीत नाय, ताई.

घरी आनल्यावर पन आम्ही ह्यांना इस्पितळात दाखवायला न्यायचो, तिथं बोलनं शिकवनारी एक बाई यायची, वयानं आमच्या मनीषाएवढी, मनीषा म्हंजे माझी मुलगी, लग्न होऊन नालासोपाऱ्याला दिलीय. ती बाई चित्रं दाखवायची, आंबा, गाय, चेंडू, सांगा काका हे काय. हे भिंतीकडं तोंड करायचे. बरोबर हाय ना, पिकल्या केसाच्या मानसाला चेंडू म्हन म्हनायचं. पन ती पोरगी चिडली नाय. चित्रं पिशवीत टाकली नि मला बाजूला घेऊन विचारलं, काकी, ह्यांना आवडायचं काय? मी म्हटलं, गाड्या. मग म्हनाली, तेच धरा. त्यांना सांगा, पैशाची काय म्हंजे काय फिकीर नाय, जगातली पायजे ती गाडी घ्यायची, पायजे तेवढ्या घ्यायच्या, दारात कुठली कुठली उभी करायची ते तुम्ही सांगा. आनि तुम्ही त्यांच्या तोंडात शब्द घालू नका, थांबा. कितीपन वेळ लागू दे, थांबा.

मला तर लाजच वाटली. घरात गॅस संपला तर दुसरा कधी येईल त्याचा घोर, मी सकाळी भाकऱ्या करून देते डब्यांना, त्यावर घर चाललेलं, आनि मी ह्यांच्यापुढं बसून विचारनार, दारात गाडी कंची लावायची! पन विचारलं. ते माझ्याकडं बघतच राहिले, हिचं पन डोकं गेलं की काय. मग अर्ध्या तोंडानं हसले. पडल्यापासून पयल्यांदा.

मग रोज दिवाबत्ती झाली की आमचं हेच. मी विचारायची नि थांबायची. ताई, थांबनं लय कठीन हो. समोरचा मानूस ओठ हलवतो, घामाघूम होतो, आनि तुमच्या जिभेवर शब्द आलेला असतो पन गिळायचा. मनीषा आली की मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढून द्यायची, हे बोटानं दाखवायचे, आवाज तोच, ता. एक दिवस मी कंटाळले. म्हटलं, जाऊ दे, तुमचं काय ठरत नाय, आपन आपली रिक्षा घेऊ एक. तर ह्यांना रिक्षाचा किती राग, रिक्षावाले कशे मध्ये घुसतात, जल्मभर त्यावर बोललेला मानूस. मान ताठ केली नि ओरडले, नाय!

शेजारची धावत आली, काय झालं म्हनून. मी म्हटलं काय नाय, हे नाय म्हनाले. आनि मला हुंदकाच आला.

मी लगेच विचारलं, मग कंची? गळ्याच्या शिरा फुगल्या त्यांच्या. कों... कों... मी तोंडावर हात दाबून बसले. कों-टे-सा. काळी का, म्हटलं. मान हलवली, हां.

तिथून ताफा वाढत गेला. काळी कोंटेसा. पांढरी अँबॅसॅडर, पडदेवाली. जिप्सी, वरनं उघडी. काळीपिवळी पद्मिनी, ती कशाला म्हटलं, तर छातीवर हात ठेवला, मुंबईत आल्यावर सुरुवातीला टॅक्सी चालवलीवती ना. परदेशातली एक लांबलचक गाडी, तिचं नाव येईना तर डाव्या हातानं हवेत तिचा आकार काढला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी भांडायची मुद्दाम, ही चाळीच्या बोळात शिरनार कशी? तर म्हनाले, बोळ... मोठा. पैशाला तोटा नाय म्हटल्यावर बोळ पन मोठा करायचा! ती शिकवनारी पोरगी खूश झाली, म्हनाली, काकी, भांडा, अजून भांडा.

पन बोलायचे ते मी विचारीन तेवढंच. आपनहून काय नाय. आनि एक दिवस मी तांदूळ निवडत होते, मी काय विचारलं पन नव्हतं, तर मागून आवाज, तुला?

मी वळून बघितलं. म्हटलं, मला काय? तर म्हनाले, तुला... कंची?

काय सांगू तुम्हाला. मला कुनी कधी विचारलंच नव्हतं नि मी पन कधी मनात आनलं नव्हतं. मी हसून म्हटलं, मला पान्याचा टँकर घ्या, चाळीला कायमचा. ते म्हनाले, नाय. तुला. मग मी खरं बोलून गेले. म्हटलं, मला गाडी नको, तुम्ही चालवत असाल आनि मी तुमच्या बाजूला पुढं बसलेली असेन, एवढंच पायजे होतं, कुठली का असेना. बोलून गेले नि जीभ चावली, कारन त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. ते हाताकडं बघत राहिले. मी तांदळात तोंड खुपसलं. मग म्हनाले, तू. मी म्हटलं, मी काय? तू चालव.

मी वेड्यात काढलं त्यांना. ते ऐकतात का! मनीषा आली की तिला, आई... गाडी. भाऊ आला की त्याला, हेमी... टेम्पो. माझ्या भावाचा टेम्पो हाय, भाजी नेतो त्यातून. शेवटी त्यानं माझं कच्चं लायसन काढलं. आनि रविवारी कामनला गोदामं बंद असली की आतले रस्ते मोकळे असतात, तिथं आम्ही जायला लागलो. मी स्टेअरिंगवर, मध्ये भाऊ हँडब्रेक धरून, खिडकीत हे. हे काठी घेऊन चालायला लागले होते तोवर. ताई, जिथं आमचा भात होता ना, बरोब्बर तिथनं मी गाडी चालवत होते.

आनि हे बोलायला लागले. घरात एक शब्द यायला जीव जायचा, तिथं कसे पटापट, क्लच. हळू. दुसरा टाक. अगं, हळू. भाऊ म्हनाला, दाजींचं इंजिन गरम झालं की चालतंय. एकदा मी वळन घेत होते, सगळं ध्यान पुढं, आनि हे खेकसले, आरशात बघ गो, मागं ट्रक हाय!

मी ट्रकाला जाऊ दिलं, गाडी कडेला घेतली नि बंद केली. भाऊ ह्यांच्या गुडघ्यांवरनं खाली उतरला, तोंड फिरवून उभा राहिला. मी म्हटलं, अहो, अख्खं वाक्य बोललात. त्यांना कळलंच नव्हतं. म्हनाले, काय? आनि मग आम्ही दोघं त्या टेम्पोत बसून जे हसलो, डोळ्यांतनं पानी येईस्तोवर.

आता बरं हाय म्हनायचं. पक्कं लायसन मला दुसऱ्या खेपेला मिळालं, पयल्या वेळी चढावर गाडी मागं गेली. भावाला बरं नसलं की मी भाजी घेऊन येते, हे बाजूला बसतात, सगळ्या रस्त्याला शिव्या घालतात. ते शब्द कशे ताई, एक पन हरवला नाय. उजवा हात नाय आला, तो आता यायचा नाय, डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही पन मानलं. माझं नाव कधी येतं, कधी नाय, मग मला जिप्सी म्हनतात, मी ओ देते. ताफ्यात परवा एक आगीचा बंब आला. का, तर मध्ये कुनी येत नाय, सगळे बाजू देतात.

तुमच्या घरी म्हातारी मानसं असतील ना? बडबड करत असतील तर करू द्या. सगळ्यांची वाचा शाबूत राहो, भांडली तरी चालतील. थांबा हं, हाक आली. चहा म्हनतायत, पन बोट माठाकडं हाय, म्हंजे पानी पायजे. आले हो, आले.