उरलेला हात

आम्ही तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तमिळ, आणि लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा मी सतरा वर्षांची, आमचे हे शाळेत मास्तर, घरात सासूबाई, बस तिघंच. सासूबाई म्हणजे काय सांगू तुम्हाला, विधवा बाई, कडक सोवळं, स्वतःचं स्वतः रांधायच्या, वाढूनही स्वतःच घ्यायच्या, कुणाच्या हातचं पाणी चालायचं नाही. पण ह्यांना वाढायचं काम पहिल्या दिवसापासून मला, घरात सुनेनं वाढायचं म्हणाल्या, आणि मला केवढं कौतुक त्याचं!

मग ते झालं. टी. नगरला बसमधून उतरत होते, एक पाय खाली, एक पायरीवर, आणि बस निघाली की हो, मी पडले, मागचं चाक उजव्या हातावरून गेलं. इस्पितळात शुद्धीवर आले तर मनगटापुढं काही नाही, नुसतं बँडेज. आणि मी वेडी, माझ्या बांगड्या कुठायत म्हणून रडतेय. दुखायचं ते दुखायचंच, पण नसलेली बोटंसुद्धा दुखायची, अंगठा मुडपून राहिलाय असं वाटायचं आणि सरळ करायला अंगठाच नाही, सांगणार कुणाला?

घरी आले ती स्वयंपाकघराच्या दारात बसून राहायला लागले. आमच्यात डाव्या हातानं कुणाला फूलसुद्धा देत नाहीत, अन्न कसं वाढायचं? सासूबाई कमरेत वाकून ह्यांना वाढायच्या, मी बघायची. हे म्हणायचे, तू वाढ गं, मला चालतं. मी चिडायची, तुम्हाला चालेल, आईंना चालेल का, गप्प जेवा. मला वाटायचं, संपलं, आता ह्या घरात मी पाहुणी. चार महिने असे काढले.

मग एक द्वादशी आली. आदल्या दिवशी सासूबाईंचा निर्जळी उपास, सकाळी पारणं, त्यांनी रांधलं, पान मांडलं आणि पानावर बसूनच राहिल्या. मी म्हटलं, काय झालं, वाढून घ्या ना. तर म्हणाल्या, मी उठायची नाही, तू वाढ. मी म्हटलं, अहो, हा डावा आहे. अय्यो, ती नजर! म्हणाल्या, मला शिकवू नकोस, दोन होते तेव्हा एक डावा होता, आता उरलाय तोच उजवा, आंघोळ झालीय ना तुझी, मग वाढ, भूक लागलीय मला. निम्मा भात पानाबाहेर, मी हुंदके देतेय, आणि त्या म्हणतात, आमटीत रडू नकोस, मीठ घातलंय मी.

आता त्या अंथरुणावर आहेत, हात उचलत नाहीत त्यांचे. ह्याच हातानं दहीभात भरवते. पावसाळी हवेत उजवं मनगट अजून ठणकतं, ठणकू दे. त्यांची कुरकूर एकच, घास मोठा करतेस. करते हो लहान, म्हणते मी, आणि त्या तोंड उघडून वाट बघतात. देवाला एवढंच सांगते, त्या आहेत तोवर हा हात राहू दे.