वऱ्हाड आणि कोटाचा दरवाजा

सुरतेतल्या आमच्या डिंडोली भागातल्या नानांना सुरतचा सगळा इतिहास तोंडपाठ आहे. आजची सुरत तेवढी त्यांनी अजून बघायची आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला नंदुरबारहून येणारं वऱ्हाड रस्ता चुकलं. व्याह्यांनी फोन केला आणि आमच्या नशिबाने तो नानांनीच उचलला.

"सोपं आहे. कोटाच्या दरवाज्यातून आत या, डाव्या हाताला हॉल."

बऱ्याच वेळाने पुन्हा फोन. "नाना, इथे दरवाजा दिसत नाही हो."

"दिसेल कसा? तो कधीच पाडला."

"मग सांगितलात कशाला?"

"होता ना तिथे."

वऱ्हाड पोचेपर्यंत मुहूर्त गेला. नानांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, मुहूर्त टळला."

नाना शांतपणे म्हणाले, "नेमकी वेळ लिहून ठेव. मागाहून लोक काहीही सांगत फिरतात."