सिदोबा गुरवानं घराची पूजा बांधली

हं, मृदंग जरा विसावू द्या. टाळकरी, टाळ मांडीवर ठेवा. आणि ती खांबामागची मंडळी — पुढं या की! पुढं बसलेल्यांना महाराज प्रश्न विचारतात म्हणून लांब बसलाय ना? विचारणारच आहे. एकच विचारतो.

देवाला कधी बघावं?

"आरतीला!" बरोबर बोललात मावशी. आरतीला देव कसा दिसतो! फेटा, शेला, गळ्यात हार, कपाळावर चंदनाचा मळवट. नजर हटत नाही. पण पहाटे, देवाच्या स्नानाच्या वेळी? तेव्हा ना फेटा, ना हार. नुसता काळा पाषाण, पाणी निथळत असलेला. त्याला आपण निजरूप म्हणतो. त्या निजरूपाला इथले किती जण येतात? हात वर करा बघू!

दोन. आणि त्यातले एक पुजारी, त्यांना यावंच लागतं!

तर मंडळी, देवाचं राहू द्या. आपल्या घरातलं माणूस, ज्याच्या हातची भाकरी आपण रोज खातो, ते जसं आहे तसं आपण कधी बघितलंय का हो? ऐका आता.

वारणेच्या काठाला चिंचणवाडी म्हणून गाव. गावात भैरोबाचं देऊळ. देवळाचा गुरव सिदोबा. वय पंच्याहत्तर, मिशा पांढऱ्याशुभ्र, ताठ कणा. आणि हातात कला कसली? पूजा बांधायची! देवाला वस्त्रं नेसवून, फेटा बांधून, फुलं-दागिने चढवून सजवायचं, त्याला पूजा बांधणं म्हणतात. सिदोबानं पहाटे बांधलेली पूजा रात्री शेजारतीपर्यंत तशीच! एक चुणी हलायची नाही. यात्रेला लांबलांबचे गुरव बघायला यायचे, की हा टाचणी लावतो तरी कुठं? सिदोबा मिशीत हसायचा आणि सांगायचा नाही. कला अशी सांगतंय कोण!

त्याची बायको अनुसया. गोल चेहऱ्याची, पुढचे चार दात देवाघरी गेलेले, आणि बोलायला लागली की शेजारीण चुलीवरचं दूध विसरून ऐकत उभी राहील, अशी. मुलगा मल्लिनाथ नोकरीला सांगलीत. सून पल्लवी, नात मुक्ता. एवढंच कुटुंब.

आता या घराच्या भिंतीवर एक फोटो होता. लग्नाचा. पन्नास वर्षांपूर्वी फोटोवाला तालुक्याहून सायकलवर आलेला, रोलमधला शेवटचा एकच फोटो उरलेला. अख्खं वऱ्हाड फोटोवाल्याभोवती. नवरदेव सिदोबा ताठ, डोळे वटारून. त्याच्या नाकावर एक बारीक काळा ठिपका. फोटो धुताना डाग पडला असणार, दर दिवाळीला सिदोबा काच पुसायचा, पण तो डाग काही जायचा नाही. आणि शेजारी नवरी. नवरीचे डोळे... गच्च मिटलेले! ओठही मिटलेले. पन्नास वर्षं घरात जो येईल तो विचारतोय, "नवरी झोपलीया व्हय?"

सगळे हसायचे. सिदोबा हसायचा नाही. का? ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपल्याला सांगतो. त्या काळात नवरा-नवरीनं आधी बोलायचं कुठलं! लग्न लागलं, फोटोला उभे राहिले, आणि सिदोबा आपल्या बायकोशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला. काय बोलला असेल? "नाव काय तुझं?" "दमलीस का?" छे! गुरवाचं पोर ते. दबक्या आवाजात खेकसला —

"हालायचं न्हाई!"

आणि तिचे डोळे मिटले. सतरा वर्षांची पोर, नव्या घरी आलेली, आणि नवऱ्याचा पहिला शब्द हा. भ्यालीच ती, असं सिदोबानं मनाशी धरलं. तेव्हापासून कुणी तो फोटो बघायला लागलं की हा विषय बदलायचा. पण विचारायचं कसं? लाज वाटायची. पहिल्या वर्षी विचारलं नाही, दहाव्या वर्षी राहून गेलं, तिसाव्या वर्षी विचारणं विचित्र दिसलं असतं. हसू नका! तुमचंही एखादं असं राहून गेलेलं आहे. मला दिसतंय इथून.

तर पन्नासावं वर्ष आलं. सून म्हणाली, "मामा, लग्नाच्या वाढदिवसाला फोटो काढू या. सांगलीहून तेजल म्हणून एक मुलगी येईल." सासऱ्याला मामा अन् सासूला आत्या, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सिदोबाच्या मनानं उसळी घेतली. या वेळी अनुसयाचे डोळे उघडे पाहिजेत! माझ्या शेजारी उघड्या डोळ्यांनी, न भिता उभी असलेली बायको एकदा भिंतीवर बघितली की मी मोकळा. बस्स, एवढंच मागणं.

पण अनुसया? ती म्हणाली, "मला काय उभं करू नगासा. माझं डोळं मिटत्यात. तुमी उभं ऱ्हावा, मी च्या टाकती."

झालं! सिदोबाचा चेहरा उतरला. अजून भीती गेली नाही हिची! मग पल्लवीनं मोबाइल काढला. म्हणाली, "आत्या, तसलं उभं राहायचं नाहीच आहे. तेजलनं तयारीच्या सूचना पाठवल्यात, ऐका. रोजच्यासारखे सैल कपडे घाला. साधे रंग. फोटोआधी पोटभर खा, मुलांना झोपू द्या. कुणी उभं केल्यासारखं उभं राहू नका. गप्पा मारा, हसा. आणि कॅमेऱ्याकडे बघू नका."

सिदोबा म्हणाला, "बगायचंच न्हाई? मग फोटू कशाचा? आमचा भैरोबा दर्शनाला आल्याल्याकडं पाट करून बसला तर चालंल व्हय?"

"मामा, सगळं सहज वाटलं पाहिजे."

"सहज? आगं, सहज दिसायला लई मेहनत लागती. ती तू माज्यावर सोड."

आणि मंडळी, इथं चूक झाली. अशी चूक वाण्यानं केली नसती, कुंभारानं केली नसती, ती गुरवानंच करावी. सिदोबानं ठरवलं, घरच्यांचीच पूजा बांधायची!

आठ दिवस आधी तयारी सुरू, मल्लिनाथनं रजा टाकलेली. अंगणातल्या चिंचेखाली चुन्याच्या फक्क्या मारल्या, इथं मल्लिनाथ, इथं पल्लवी, इथं मुक्ता, मधे मी आणि अनुसया. "सैल कपडे" म्हटलं होतं ना? मल्लिनाथचा सदरा खळ घालून असा कडक केला, की तो खुंटीवरून काढला तरी बाह्या पसरूनच राहिला. पल्लवीच्या पदराला अकरा टाचण्या. मुक्ताच्या फ्रॉकची प्रत्येक चुणी चिमटीत धरून बसवलेली. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "आज्जा, मला खाजवायचंय."

"फोटू झाल्यावर खाजव!"

मग सहज हसायची तालीम! "मी खाकरलो की मल्लू हसंल. मग पल्लवी. मुक्ता, तू शेवटाला. आणि जास्त न्हाई, दात दिसतील एवडंच." मल्लिनाथ बँकेत मॅनेजर बरं का, चाळीस माणसं हाताखाली. तो बापाच्या खाकरण्यावर हसायला शिकतोय!

आणि अनुसया? ती रोज स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि पदर तोंडाला लावून आत जायची. सिदोबाला वाटायचं, रडते. रात्री तो हळूच म्हणाला, "ये की गं. या वेळंला मी रागं भरणार न्हाई."

अनुसयानं त्याच्याकडं बघितलं. "रागं कवा भरला हुतासा?"

सिदोबाच्या पन्नास वर्षांचं ओझं जिभेपर्यंत आलं आणि परत खाली गेलं. एवढंच म्हणाला, "माज्यासाठी ये."

"येती," ती म्हणाली. बायका नाही म्हणतात ते नवऱ्याला, "माज्यासाठी" ला नाही म्हणत नाहीत.

वाढदिवस उगवला. सिदोबानं पहाटे भैरोबाला पंचामृताचं स्नान घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. तीर्थ घेतलं, हात मिशीवरून फिरवला. आणि लगबगीनं घरी. चार वाजता तेजल आली. विशीतली पोर, गळ्यात कॅमेरा. बघते तर काय! चिंचेखाली चुन्याच्या खुणांवर एक अख्खं कुटुंब, खळ घातलेलं, टाचण्या मारलेलं, श्वास रोखलेलं!

शहाणी होती हो पोर. हसली नाही. म्हणाली, "आजोबा, छान तयारी केलीत. माझं अजून सुरू व्हायचंय, उजेड बघतेय. तोवर तुम्ही तालीम करा."

तालीम म्हटल्यावर सिदोबा खूश. अनुसयाला शेजारी उभं केलं. तिच्या नऊवारीचा काठ सरळ केला, कपाळावरची बट मागं सारली. मनात म्हणाला, भैरोबा, डोळे उघडे राहू देत. मग ताठ झाला, आणि सवयीनं तोंडातून गेलंच —

"हालायचं न्हाई!"

बोलला आणि जीभ चावली. तोच शब्द! पण आता मान वळवून तिच्याकडं बघायचं कसं? हलायचं नाही म्हणून त्यानंच सांगितलेलं!

आणि तेवढ्यात... एक माशी आली.

कुठून आली? मिशीवर पहाटेच्या पंचामृतातला मध तसाच होता ना! घूं करत आली, सिदोबाभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि बसली. कुठं? नाकाच्या शेंड्यावर!

आता काय करणार? हलावं तर स्वतःचा हुकूम मोडतो. डोळे वटारून सिदोबा माशीकडं बघतोय, माशी सिदोबाकडं बघतेय. नाकपुड्या फुलल्या. मिशी वर-खाली झाली. माशी ढिम्म! मल्लिनाथनं श्वास रोखला. पल्लवीनं ओठ चावला. आणि शेजारून आवाज आला —

"आगं बया! परत तीच!"

अनुसया! असली हसायला लागली, असली हसायला लागली म्हणता! पोट धरून, वाकून, चार दातांची खिडकी उघडी टाकून. पदर बिदर कुठला तोंडाला! मल्लिनाथ हसला, खाकरायची वाट न बघता. पल्लवीच्या टाचण्या पटापट निसटल्या. मुक्ता चुन्याची फक्की ओलांडून पळाली आणि पोटभर खाजवून घेतलं बिचारीनं! आणि तेजलचा कॅमेरा कधीचा चालला होता.

सिदोबा मात्र तसाच उभा. माशी उडाली तरी उभा. म्हणाला, "परत म्हंजी?"

अनुसया डोळे पुसत बोलली, "अवो, लग्नात! ब्राह्मणानं तुमास्नी मदुपर्क दिल्ता, दही-मद. वटावर मद तसाच. फोटूला उभं ऱ्हायलो आन् तुमच्या नाकावर माशी बसली. आन् तुमी मला म्हनतासा, हालायचं न्हाई! आन् सोता माशीकडं असं बगताय!" तिनं डोळे तिरळे करून दाखवले. "मला हसू आवरंना. समोर सासूबाई हुब्या. हसलं तर म्हनतील, पोरगी थिल्लर हाय. म्हून डोळं मिटलं, वट मिटलं, आन् मनात देवाचं नाव घेतलं."

"भ्याली न्हवतीस?"

"तुमास्नी?" आणि परत हसायला लागली.

"मग सांगितलं का न्हाईस गं? पन्नास वर्सं!"

"गाव तुमच्या पाया पडतंय. गुरवाच्या नाकावरची माशी कुनाला सांगू? आन् तुमी तरी कवा इचारलं?"

मंडळी, सिदोबा सरळ घरात गेला. भिंतीवरचा जुना फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली, दारातल्या उजेडात आणला आणि डोळ्यांजवळ धरला. तो ठिपका! स्वतःचा शब्द लक्षात राहिला, माशी पार विसरली, आणि पन्नास दिवाळ्या जो डाग म्हणून घासला... त्याला बारीक दोन पंख होते! आणि नवरीच्या मिटलेल्या ओठांच्या कडा? वर गेलेल्या होत्या. भ्यालेली कुठली, फुटायच्या बेतात होती ती! रोज समोर टांगलेलं हसू, आणि हा शहाणा त्याला भीती समजून बसला.

मग तो दाराच्या उंबऱ्यावर बसला आणि हसला. खळ, चुणी, ताठा, सगळं विसरून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अनुसया शेजारी येऊन बसली. तेजलनं तेवढाच एक फोटो आणखी काढला.

आठ दिवसांनी फोटो आले. पल्लवी हळहळली, "मामा, सगळे छान आलेत, पण या उंबऱ्यावरच्या फोटोत आत्यांचे डोळे हसून हसून परत मिटलेत हो. दुसरा लावू या का भिंतीवर?"

सिदोबा म्हणाला, "ह्योच लाव. त्या जुन्याच्या शेजारी लाव."

ऐकलंत? पन्नास वर्षं ज्या उघड्या डोळ्यांसाठी जीव टाकला, ते मिळालेच नाहीत. आणि माणूस तृप्त झाला. त्यानं रोज पहाटे देवाचं निजरूप बघितलं होतं, पण बायकोचं त्या दिवशी बघितलं.

आता तुमच्याकडं वळतो. उठू नका, महाप्रसादाचा वास मलाही येतोय! तुमच्या भिंतीवर फोटो आहेत. त्यात कुणाचं तोंड फुगलंय, कुणी बाजूला बघतंय, कुणी डोळे मिटलेत. तुम्ही मनाशी काहीतरी ठरवून बसलाय. आई रागावलेली होती. भावाला माझा हेवा वाटत होता. ही मला भ्यायली होती. अहो, विचारलंत का? आज घरी जा, फोटो खाली काढा, काच पुसा, आणि ज्याचा आहे त्याच्या शेजारी बसून विचारा, की त्या वेळी काय झालं होतं गं? काय झालं होतं रे? माणूस समोर आहे तोवर विचारा. सिदोबाला पन्नासाव्या वर्षी तरी माशी भेटली, सगळ्यांनाच भेटते असं नाही.

चला, हात जोडा. देवासमोर आहोत, खळ काढून टाका, टाचण्या काढा, आहात तसे बसा. आणि नामस्मरण करताना नाकावर माशी बसलीच, तर हाकला बाबांनो! शेजारचा हसला तर त्यालाही हसू द्या. भैरोबा रागवत नाही. तो तर रोज पहाटे वाट बघतोय, की यांच्यातलं कुणीतरी आहे तसं येईल.

बोला, भैरोबाच्या नावानं — चांगभलं!