लाल रेघ मारलेला शब्द

…टँकर साडेसहाला आला. मी चार बादल्या आणि पिंप भरलं, यांची कवळी वाटीतून काढून ब्रशने धुतली, कुकर लावला आणि यांचा कागद हातात धरून ओट्याशी उभी राहिले.

इथे फौजदार गुलाबराव काटकर यांनी थांबवलं. आधी नाव-पत्ता हवा म्हणाले. तो असा:

श्रीमती नीला विश्वनाथ टिपणीस, वय ५९ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण सातवी, राहणार सेक्टर सहा, द्वारका, नवी दिल्ली.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती विश्वनाथ टिपणीस यांनी चोवीस वर्षं दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या वाचल्या. १९९३ साली निवृत्त झाल्यावर ते खासगी स्टुडिओंत मराठी जाहिरातींना आवाज देत. कागद धरून त्यांची तालीम घेण्याचं काम माझं. सातवीनंतरचं माझं वाचन त्या कागदांवरच झालं. १७ ऑगस्ट १९९९ रोजी ते हृदयविकाराने वारले.

कराडकडच्या काही शिक्षकांनी वनवैभव सागवान योजनेत पैसे भरले, ते बुडाले. योजनेची कॅसेट बाजारच्या दिवशी जीपवर वाजत असे. ‘बातम्यांतले टिपणीस सरकारमान्य म्हणाले, म्हणून आम्ही विश्वास ठेवला,’ असं शिक्षकांनी लिहून दिलं आहे. तक्रारीत यांचं नाव आरोपींमध्ये चौथं आहे. हे कळल्यावर मी इथल्या ठाण्यात दोनदा आले. दोन्ही वेळा “माताजी, मराठी का मामला है, महाराष्ट्र जाइए,” असं सांगण्यात आलं. आता काटकरसाहेब तिकडून आले आहेत म्हणून आज तिसऱ्यांदा आले.

साहेबांनी कॅसेट लावून विचारलं, “काकू, आवाज त्यांचाच आहे का? हो किंवा नाही सांगा.”

मी म्हटलं, आवाज यांचा आहे, पण सरकारमान्य हा शब्द यांनी त्यात वाचलेला नाही.

“असं लिहायला जागा नाही हो काकू.”

तीनदा विचारलं, तीनदा मी तेच सांगितलं. मग साहेबांनी चहा मागवला आणि पहिल्यापासून सांगा म्हणाले.

मी सांगत होते ती सकाळ ९ मार्च १९९८, सोमवारची. वनवैभवच्या जाहिरातीच्या तालमीत हे ‘सरकारमान्य योजना’ इथे थांबले. मान्यतेचा कागद दाखवा म्हणून त्यांनी स्टुडिओला फोन केला. तसा कागद नव्हता. यांनी शब्दावर लाल रेघ मारली.

मी म्हटलं, “वाचा हो, एक शब्द तर आहे.”

“मग तूच जा माझी कवळी लावून,” म्हणाले.

संध्याकाळी स्टुडिओतून घरी आल्यावर तो शब्द सोडून वाचल्याचं त्यांनी मला सांगितलं.

प्रत्येक कामाची एक कॅसेट ते मागून घेत. ही ३० मार्चला आली. आम्ही ती स्वयंपाकघरात ऐकली, तर तो शब्द होता. त्यांनी टेप मागे करून पुन्हा ऐकली. नंतर जेवले नाहीत.

यांचे वरचे चार दात १९९६ साली काढले. कवळी बसल्यापासून यांच्या स ला बारीक शिट्टी येई. ती घालवायला त्यांनी पुष्कळ सराव केला, पण ती गेली नाही. या कॅसेटमध्ये सागवान, सुरक्षित, संपत्ती या सगळ्या शब्दांत ती शिट्टी आहे. फक्त सरकारमान्यमध्ये नाही. तो शब्द १९९४ सालच्या बियाण्यांच्या जाहिरातीतून कापून इथे जोडला आहे. ती जाहिरात त्याच स्टुडिओत झाली होती. तिची कॅसेट आणि लाल रेघेचा कागद मी हजर करत आहे. दोन्ही कॅसेट एकामागोमाग ऐकाव्यात, एवढीच विनंती आहे.

३१ मार्चला आम्ही दोघं स्टुडिओत गेलो. मालक धीरज सेठी म्हणाले, “टिपणीसजी, आवाज़ आपकी, लफ़्ज़ भी आपका। हमने बाहर से क्या डाला?” हे म्हणाले, “निकाल दीजिए.” सेठी हसले. “अब तो पाँच सौ कॅसेट निकल चुकी हैं। अगले हफ़्ते साबुन वाला काम है, आ रहे हैं ना?” हे उठून बाहेर पडले.

३ एप्रिलला यांनी पुण्याच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की तो शब्द माझा नाही, लोकांनी त्यावर जाऊ नये. पत्र छापून आलं नाही. शिक्षकांनी पैसे भरले ते त्यानंतर, जून महिन्यात.

येथवरचा जबाब हवालदारांनी लिहिला. ते वाचून दाखवणार होते, पण मी कागद मागून घेतला आणि स्वतः मोठ्याने वाचला. जसं सांगितलं तसंच उतरलं आहे. मात्र वाचताना एक गोष्ट राहिल्याचं दिसलं, ती खाली जोडावी.

पत्र रजिस्टर करायला यांनी माझ्याकडे दिलं होतं. तेव्हा तो एकच स्टुडिओ यांना बोलावत होता. बाकीच्यांना तरुण आवाज हवे होते. काम नसलं की हे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहत. पत्र छापून आलं असतं, तर सेठींचं बोलावणंही बंद झालं असतं. मी ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. अजून बंदच आहे. सोबत हजर करत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी विचारलं, “टाकलंस का पत्र?” मी हो म्हटलं आणि कवळी धुवायला घेतली.