इन्शिराहबाईंची इंग्रजी पाटी

…नाही, पण मी म्हणते, एवढे ढीगभर शब्द पडलेत त्या इंग्रजीत, त्यातला एक साधा उचलायला काय धाड भरली होती हो त्या माणसाला? मी मागितलं काय होतं? माझी कोशरी! भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस आणि कुरकुरीत कांदा, सगळं एका ताटलीत! म्हटलं, वहीब उस्ताज, तुम्ही छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत, पोर्ट सईदला जहाजं लागतात, गोरे खलाशी माझ्या दुकानावरून तसेच पुढे जातात, तेव्हा एक पाटी रंगवून द्या. 'मिसळलेलं' एवढंच लिहा. एवढंच!

तर उस्ताज नाकातून म्हणतात, "नुहाच्या आई, 'मिक्स्ड' हा काय शब्द आहे? मिक्स्ड तर सिमेंटवालासुद्धा लिहितो!" आणि आणलं की बाड घरातून! आजोबांच्या वेळचा शब्दकोश, सुतळीने बांधलेला. बोट फिरतंय… "मिंगल्ड? मिळमिळीत! जंबल्ड? ही तर अडगळीची खोली! आहाहा… प्रॉमिस्क्युअस! भेदभाव न करता सगळं एकत्र आलेलं! चार मजली शब्द आहे, नुहाच्या आई, चार मजली!" वर पाटीवर जागा उरली म्हणून माझं नाव घातलं. 'इन्शिराह, पोर्ट सईदमधली सर्वांत प्रॉमिस्क्युअस. खलाशांचं स्वागत आहे.' सांगा, मी 'मिसळलेलं' म्हणाले होते की नाही?

दुसऱ्या दिवसापासून ही झुंबड! खलाशी येतायत, पाटी वाचतायत, पोट धरून हसतायत, माझ्यासोबत फोटो काढतायत. आणि मी मूर्ख, हातात ताटली धरून उभी, दात काढून! मला वाटलं कोशरीचं कौतुक! एकाने डोळा मारला, तर म्हटलं, बिचाऱ्याच्या डोळ्यात तिखट गेलं असेल…

आणि शुक्रवारी, नमाजानंतर, माझ्या लेकीला, नुहाला, बघायला पाहुणे. मुलगा तामेर, बंदरात क्रेन चालवतो, सोन्यासारखा. सोबत त्याची आई, आणि मावशी शहिनाज, कुवेतला इंग्रजी शिकवून आलेली. आमचं घर दुकानाच्या वर. मावशी जिन्याशी थबकली, चष्मा लावला. "ही पाटी तुम्ही लावलीत? आपणहून?"

"हो तर! आवडली?"

"आणि हे… कधीपासून?"

"नवरा गेला तेव्हापासून! पोटासाठी करावंच लागतं ना? आधी घरातच करायचे, आता उघड्यावर बसते."

"आणि मुलगी?"

"तिलाही शिकवलंय थोडं थोडं!"

मुलाच्या आईने भिंत धरली. मग मावशी माझ्या कानाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, या शब्दाचा अर्थ, जी कुठल्याच पुरुषाला नाही म्हणत नाही ती."

अकरा वर्षं हो! अकरा वर्षं मी विधवा बाई या गल्लीत कढईपुढे उभी, कुणाची बोट दाखवायची हिंमत झाली नाही, आणि आता मी स्वतःच पाटी लावून, बंदरातल्या प्रत्येक जहाजाला… मी डाव उचलला आणि तशीच समोरच्या घरात! ओढून आणलं उस्ताजांना, पायजम्यावर!

माफी मागावी की नाही? हे उलट शब्दकोश नाचवतायत! "पहिला अर्थ वाचा बाई, पहिला!"

मावशी म्हणते, "तो पहिला अर्थ तुमच्या आजोबांबरोबर गेला! आता अर्थ स्वैर! सैल! छचोर!"

"सरमिसळ! संमिश्र! बेछूट!"

"बेछूट म्हणजे तरी काय वेगळं?"

अहो, माझी अब्रू रस्त्यावर पडलीय आणि हे दोघं समानार्थी शब्द खेळतायत! मी ओरडतेय, "मी 'मिसळलेलं' म्हणाले होते!" कोण ऐकतंय? गल्ली जमली, खिडक्या उघडल्या, प्रत्येक खिडकीला अर्थ कळला. ज्याला कळला नाही त्याला शेजाऱ्याने समजावला.

मग नुहा खाली आली. स्टूल ओढलं, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि त्या तमाम गल्लीसमोर माझं नाव घासून घासून पुसलं. मग वळून म्हणाली, "मावशी, माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला कोशरी येते, आणि त्यावर तिने मला वाढवलंय. बसा, खा. पटलं तर फातिहा वाचून लग्न पक्कं करू, नाही तर खुशाल जा."

मी तर डोळे मिटले. संपलं म्हटलं. तर खुर्ची सरकल्याचा आवाज. तामेर बसला होता! "मला कांदा जास्त," म्हणाला. मग त्याची आई बसली. मावशी सगळ्यांत शेवटी बसली आणि दोन ताटल्या खाऊन उठली. फातिहा तिथेच, टेबलाशीच वाचली. खलाशी टाळ्या वाजवत होते, कशाला ते त्यांनाही माहीत नाही!

पण माझा राग गेलेला नाही, सांगून ठेवते! उस्ताज दुसऱ्या दिवशी आले, वाटलं आता तरी पश्चात्ताप… तर म्हणतात, "शब्द बरोबर होता, नुहाच्या आई, फक्त काळ चुकला." आणि ती मावशी! रोज दुपारी हजर, नवा शब्दकोश काखोटीला. हे जुना उघडतात, ती नवा, आणि माझी दोन टेबलं अडवून सूर्य मावळेपर्यंत भांडतात. हाकलू तरी कशी, मुलीचं सासर आहे!

आणि काल दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. म्हणे तामेरचे कुवेतचे पाहुणे येणार, तेव्हा लग्नपत्रिका इंग्रजीतच हवी… मजकूर ते दोघं मिळून लिहितायत.