रुळावरची शिटी

१९७८ साली, आमच्या मुलीचं, सुहासिनीचं लग्न झालं त्या वर्षी, मी रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरकडे बसलो होतो. समोर आमच्या शेजारचे, रेल्वेत रूळ दुरुस्तीवर असलेले रुपराव गँगमन पेपर वाचत होते. सोबत त्यांच्या जिजाबाई.

“जपानवाले रुळाच्या मरम्मतीवर आपल्याहून कितीतरी पैसा लावतात वं. गाड्या बंद ठेवून काम करतात!”

“हळू बोला, सारे पाहून राहिले. अन् आपल्याकडे?”

“आपल्याकडे गाड्या चालूच. झेंडीवाला शिटी वाजवते, आपण बाजूले होतो.”

“तुमाले ऐकू येते शिटी?”

“आमच्या गँगमधला ताराचंद हात धरून ओढते ना मले.”

“डॉक्टरले खरं सांगा. त्यायचा कागद दाखवून रेल्वेत दुसरं काम मागा.”

“बहिरा म्हणून घरी बसवतील.”

“अन् ताराचंद सुट्टीवर गेला तर?”

“काय?”

ताराचंद रामटेकला लग्नाला गेला होता, तेव्हा रुपराव गाडीखाली सापडून वारले. १९७९ सालचा माघ होता.